फुटाला पाऊण इंच

माणिकराव दुकानात शिरले की माझ्या कपाळाला आठी पडायची. मलकापुरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, खिळे मागतं, घेऊन जातं. माणिकराव मात्र पाव किलोच्या ढिगातला एकेक खिळा बोटांत फिरवून बघणार आणि शेवटी चार उचलणार. सहासष्टीचा माणूस, जन्म ट्रकवर काढलेला. मी एकदा कावून म्हटलंच, "माणिकराव, खिळे घेऊन राह्यले का पोरीसाठी स्थळ पाहून राह्यले?" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पाचवा खिळा परत ठेवला.

हे सगळं चाललं होतं कडूबाभाऊंसाठी. कडूबाभाऊ दुसरबीडचे, माणिकरावांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. माणिकराव पंचविशीत त्यांच्या गाडीवर क्लीनर म्हणून लागले आणि अकरा वर्षं दोघांनी एकच गाडी हाकली. पुढं नाक असलेला जुना ट्रक, मागं ट्रेलर, वर सागाचे ओंडके. आलापल्लीकडं लाकूड भरायचं आणि मलकापूरच्या आरागिरणीवर आणून टाकायचं. पुढं ती गाडी भंगारात गेली, कडूबाभाऊ गावी जाऊन शेती पाहू लागले, माणिकराव दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर झाले. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं कडूबाभाऊंचे दोन्ही डोळे गेले.

गेल्या दिवाळीत माणिकराव त्यांना भेटून आले. कडूबाभाऊ त्यांना म्हणाले होते, "माणिक, बायको दिसती मनात, बैल दिसत्यात, गाडी तेवढी दिसत नाही बे. नाक आठवावं तर ट्रेलर जातो, ट्रेलर आठवावा तर नाक." बस्स, तिथून माणिकरावांच्या डोक्यात घुसलं. गाडी लहान करून त्यांच्या हातात द्यायची आणि काय आहे ते सांगायचं नाही. हात फिरवून त्यांनीच म्हटलं पाहिजे, ही आपली गाडी. बाकी काही नको होतं या माणसाला.

माप धरलं फुटाला पाऊण इंच. खरी गाडी ट्रेलरसकट पंचेचाळीस फूट, म्हणजे ही जोडून पावणेतीन फूट झाली. चासी जुन्या चौकटीच्या सागाची, नाक आणि क्याबिन तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, चाकं जाड रबरी चपला कापून. दारं उघडायची, क्याबिनचं छप्पर झाकणासारखं निघायचं. ओंडक्यांसाठी त्यांनी माझ्या मेव्हण्याच्या बांधावरच्या सागाच्या फांद्या आणवल्या. मी म्हटलं, निंबाच्या चालतील की, कोणाला कळतंय? तर म्हणाले, "सागाची साल कडूबाभाऊले झोपीतही समजते." प्रत्येक फांदीचं बुड क्याबिनकडं आणि शेंडा मागं, खऱ्या गाडीत भरायचे तसं. वरून बारीक साखळी आवळली आणि दोन्ही अंगाला पाचरी ठोकल्या.

चार महिन्यांनी गाडी झाली. नाक लाल, पट्टा पिवळा, फाळक्यावर गुलाबाचं फूल, नंबरसुद्धा रंगवलेला. माणिकराव खुशीत होते. त्यांच्या घरच्या चांगुणाबाई चहा घेऊन आल्या, बघून म्हणाल्या, "लय झाक झाली. पन त्याइले काय दिसनार हाये यातलं?"

झालं. आंधळ्या माणसासाठी हा बहाद्दर महिनाभर रंग काढत बसला होता, आणि मीही शहाणा त्याला ब्रश देत होतो. मला हसू आवरेना. माणिकराव दोन दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तांब्याची तार मागत. नंबरची अक्षरं तारेची वळवून पत्र्यावर डाख देऊन बसवली, फूल पत्र्याचं कापून उठावाचं केलं. खऱ्या गाडीचा डावा मडगार्ड जंगलात झाडाला घासून चेपला होता, तो चेपा हातोडीनं बरोबर तिथं मारला. असा आणखी एक महिना गेला.

शेवटी क्याबिनच्या आतलं काम राहिलं. त्यासाठी ते चपलेला मारतात तसला पोकळ रिपिट घेऊन गेले. क्याबिनमध्ये खिळ्याला अल्युमिनचा ग्लास टांगलेला असायचा, तो करायचा होता. आठवड्यानं पुन्हा आले, आणखी एक रिपिट मागितला.

"हरवला काय पहिला?"

"नाई. दोन ग्लास टांगतो."

"दोन होते?"

माणिकराव काउंटरवरची धूळ बोटानं पुसत राहिले. मग म्हणाले, "होता एकच. अकरा वर्सं दोघं त्याच ग्लासानं पानी पेलो. पन गावात त्याच्या घरी गेलो तं माह्यावाला ग्लास येगळा, गोठ्याच्या कोनाड्यात. पेलो की धुऊन तिथंच ठेवायचा. रस्त्यावरचं त्यानं घरी कधी सांगितलं नाई, म्याही नाई. आता हे गाडी त्याच्या घरात राह्यन. सोयरेधायरे येतीन, पाहतीन. मंग त्याले इचारतीन. या वयात काऊन त्याले खाली पाह्यले लावू?"

मला राग आला. कोणाचा ते नीट सांगता येत नाही, पण आला. "मग खोटी गाडी नेता तुम्ही," मी म्हणालो.

"एक ग्लास खोटा. बाकी खरी हाये," असं म्हणून ते रिपिट खिशात टाकून गेले.

रविवारी आम्ही दोघं निघालो. ट्रक त्यांच्या मांडीवर, ट्रेलर माझ्या. चिखलीपर्यंत एसटी. कंडक्टर म्हणाला, गाडीत गाडी घेऊन चालले का? अख्खी बस बघायला उठली. पुढं जीपमध्ये तर माणिकरावांनी दोन्ही हातांनी ट्रक पोटाशी धरला होता, प्रत्येक खड्ड्याला जीपवाल्याला शिव्या. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, घाबरलेले त्या दिवशीच पाहिले.

दुसरबीडला कडूबाभाऊ ओसरीवर खाटेवर बसले होते. सुनेच्या माहेरची दोन माणसं आलेली होती. कडूबाभाऊंच्या बायकोनं, आशाबाईंनी, आम्हाला सतरंजी टाकली. माणिकरावांनी ट्रक आणि ट्रेलर जोडून कडूबाभाऊंच्या पुढ्यात ठेवले, त्यांचा हात धरून नाकावर टेकवला आणि सोडून दिला.

हात नाकावरून मागं गेला. मडगार्डच्या चेप्यापाशी थांबला. कडूबाभाऊंच्या मिशा हलल्या. तारेच्या अक्षरांवरून बोट दोनदा फिरलं. ओंडक्यांची साल नखानं खरवडून त्यांनी वास घेतला, बुडं चाचपली, साखळी ओढून पाहिली. "आवळली चांगली," ते म्हणाले. ट्रेलरच्या शेवटच्या चाकापर्यंत हात जाऊन आला. माणिकराव गुडघ्यांवर बसून नुसते बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील, असं मलाही झालं.

मग कडूबाभाऊंनी क्याबिनचं छप्पर काढलं. स्टिअरिंग, गिअर, सीट. बोट खिळ्यापाशी गेलं आणि तिथंच राहिलं. दोन्ही रिपिट त्यांनी चिमटीत धरून मोजले.

"ही आपली गाडी नाही," ते म्हणाले.

माणिकरावांचा चेहरा उतरला. "असं काऊन म्हनता भाऊ?"

"दोन ग्लास कोनाचे? आपल्या गाडीत एकच व्हता."

पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. माणिकराव हळूच म्हणाले, "भाऊ, जाऊ द्या ना. घरात समदे हायेत."

"हायेत तर हायेत. मला दिसत नाहीत, पण हायेत ते ठाव हाय मला." कडूबाभाऊंचा आवाज चढला नाही. आशाबाई उभ्या होत्या त्या बाजूला तोंड करून ते म्हणाले, "आशा, अकरा वर्सं म्या आन् यानं एका ग्लासानं पानी पेलं. घरी आलो की याचा ग्लास कोनाड्यात ठिवू दिला आन् गुमान बसलो. भ्यालो व्हतो मी. आता सांगतो."

आशाबाई आत गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पक्कड होती. ती त्यांनी माणिकरावांपुढं ठेवली.

माणिकरावांनी एक रिपिट तोडून काढला आणि खिशात टाकला. कडूबाभाऊंनी पुन्हा बोट आत घातलं, खिळा चाचपला, उरलेला ग्लास हलवून पाहिला.

"हां," ते म्हणाले, "ही आपली."

माणिकराव रडले. पाहुण्यांसमोर, माझ्यासमोर, उपरण्यानं डोळे पुसत. कडूबाभाऊंनी पाणी मागितलं. आशाबाईंनी भरलेला तांब्या आणि दोन ग्लास आणले. कडूबाभाऊंनी एकच भरून घेतला, तोंड लावून अर्धा प्याले आणि उरलेला पुढं धरला. दिसत नसल्यानं हात माझ्याकडं आला होता. माणिकरावांनी सरकून तो घेतला आणि तिथंच बसून संपवला.