"बसा मॅडम, सोडतो!"

रविवारी सकाळी घाटनांदूरच्या बाहेर, आठव्या किलोमीटरला, मी रस्त्याच्या कडेला नडगी धरून उभी होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते.

मी शाळेत गणित शिकवते. वय बेचाळीस... आणि दोन महिन्यांनी आयुष्यातली पहिली फुल मॅरेथॉन. ऑनलाइन कोचनं बजावलं होतं, या आठवड्यात सत्तर किलोमीटर झाले नाहीत तर फुल विसरा, हाफ पळा. शनिवारपर्यंत पन्नास झाले होते, उरले वीस.

आठवड्याचं मायलेज, म्हणजे पळायचे किलोमीटर, वाढवलं की काय काय होतं हे आधी कुणी सांगत नाही हो! दुपारचा डबा साडेदहालाच संपतो. शाळेचा जिना कठडा धरून आडवं उतरावं लागतं आणि पोरं खाली उभी राहून दात काढतात.

कोचचं म्हणणं एकच. बहुतेक रन हळू पळा, इतकं हळू की पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. तरच पाय एवढे किलोमीटर सोसतील... पटतं, पण कोच शहरात राहतो. आमचा रस्ता त्याला काय माहीत!

आमच्याकडे ओळखीचं माणूस पायी दिसलं आणि त्याला गाडीवर न घेता पुढे गेलं, तर ते माणुसकीला धरून नाही. त्यात बाई, तीही हळूहळू पळणारी... म्हणजे नक्कीच काहीतरी विपरीत घडलंय. करकचून ब्रेक लागतो. "काय झालं मॅडम? बसा, सोडतो." अरे, कुठे सोडणार? मी घरूनच निघालेय आणि घरीच चाललेय! एकानं तर खालच्या आवाजात घरी भांडण झालं का, तेही विचारलं.

शेवटी मी युक्ती काढली. मागून गाडीचा आवाज आला की जोरात पळायचं. जोरात पळणारी बाई व्यायाम करतेय असं वाटतं, मग कुणी थांबत नाही. फक्त आमच्या रस्त्यावर गाड्या काही कमी नाहीत... त्यामुळे माझी प्रत्येक हळू रन म्हणजे शर्यत झाली. तीन आठवडे साठच्या पुढे आकडा सरकेना आणि नडगी ठणकायला लागली, ते वेगळंच.

तर रविवारी तशीच उभी होते. रोज डोक्यावर गाठोडं घेऊन शेताला जाणाऱ्या कौसाबाई मागून आल्या. साठीच्या असतील. एरवी नुसत्या हसून पुढे जातात, त्या दिवशी थांबल्या.

"बाई, गाडी आली की तुमी पळता अन् गाडी गेली की लंगडता. रोज बघते मी. कावून?"

चोरी पकडली गेल्यासारखं झालं. मी सगळं रडगाणं सांगितलं, लोक कसे थांबतात, कसा जीव खातात... त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थांबतेत तर थांबू द्या की. तुमाला थोडंच बसायचं हाय?"

आणि गेल्या निघून. मी गणिताची शिक्षिका! एवढं साधं उत्तर तीन आठवड्यांत मला सुचलं नव्हतं. भयंकर राग आला, स्वतःचाच.

मग निघाले... अगदी हळू. पाच गाड्या थांबल्या. पाचांनाही "नको दादा" म्हटलं आणि वेग तसाच ठेवला.

सहावे होते माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. ते काही पुढे जाईनात. गाडी माझ्या वेगानं चालवत विचारत राहिले... पोरीचं गणित कसं आहे, अपूर्णांक का जमत नाहीत, शिकवणी लावू का. मी चिडून उत्तरं देत होते. चांगलं दीड किलोमीटर झाल्यावर लक्षात आलं, की मी पूर्ण वाक्यं बोलतेय... आणि धाप लागलेली नाही!

कोच तीन आठवडे हेच सांगत होता. गप्पा मारता आल्या पाहिजेत. आणि गप्पा मारायला आलेल्या माणसांपासूनच मी पळत सुटले होते.

सत्तर पूर्ण झाले. नडगी अजून कुरकुरते, पण फुलचं नाव कायम आहे. थांबणाऱ्या सगळ्यांनो, खुशाल थांबा... बसणार मात्र नाही. आणि कौसाबाई, तुम्ही हे वाचणार नाही, म्हणून उद्या सकाळी हळू पळत येऊन समोरच सांगते.