कर्कवृत्ताची चुकलेली रेघ

माझे वडील पाट्या रंगवायचे. शिक्षण तिसरीपर्यंत, पण हात असा की दोरी धरून ओढलेली रेघ केसभरही हलायची नाही. पुढे शाळांच्या भिंतींवर जगाचे नकाशे काढायचं काम मिळालं आणि बाबांची मान ताठ झाली. अकरा शाळांत त्यांनी जग रंगवलं.

त्यातल्याच एका शाळेत मी भूगोल शिकवते. परवा पुढच्या बाकावरच्या मुलीने पुस्तकातला नकाशा भिंतीशी ताडून पाहिला. "बाई, भिंतीवरचं कर्कवृत्त फार वर गेलंय."

मी वळून पाहिलं. पाटीवर ओळींमध्ये सारखी जागा सोडतात, तशी बाबांनी विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या बरोब्बर मध्ये रेघ ओढली होती. खाली मकरवृत्ताचंही तेच. हिवाळ्यात बर्फ उपसणारे देश खुशाल उष्ण पट्ट्यात येऊन बसले होते!

सांगावं की नाही? बाबांनी सत्तरी ओलांडलेली, हात थरथरतो. त्या अकरा भिंतींवरच त्यांचा सगळा अभिमान. दोन दिवस मी मूग गिळून बसले. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

त्यांनी माळ्यावरून रंगाचे डबे काढले. "अकराही भिंती दुरुस्त करायच्या. आधी तुझी शाळा. उद्याच जाऊ."

"रविवारी जाऊ," मी म्हणाले. "तेव्हा कुणी नसतं."

रविवारी शिडीपाशी त्यांनी विचारलं, "रेघ खालीच का? मध्ये का नाही?"

मी सांगितलं, "भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तो या दोन रेघांपर्यंतच. कर्कवृत्ताला पोचला की मागे फिरतो, खाली मकरवृत्ताला पोचला की पुन्हा वर. त्यापलीकडे कधीच डोक्यावर येत नाही. म्हणून रेघ विषुववृत्तापासून ध्रुवाच्या वाटेवर पाव अंतराच्या किंचित पुढे."

"एवढंच होय! कुणी आधी सांगितलं असतं तर..."

ते वर चढले आणि जुन्या रेघेवर निळा रंग फिरवू लागले. मध्येच कुंचला थांबला.

"पोरी, सहा वर्षं तू याच भिंतीसमोर शिकवतेस ना?"

त्या भिंतीकडे मी कधी धड पाहिलंच नव्हतं. तो नकाशा कुणाच्या हातचा, हेही शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. रंगारी बापाची मला लाज वाटायची.