वजनकाट्याच्या खोलीतला फोन

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मथुराबाई इंटरकॉमच्या बोर्डावर बसत. संध्याकाळी निघायच्या आधी त्या एकेका खोलीचा नंबर लावून बघत. पलीकडून कुणीतरी ओरडे, "चालू हाये, मथुराबाई! जा आता घरी."

सगळ्यात शेवटी त्या वजनकाट्याच्या खोलीचा नंबर लावत. ती खोली गेल्या हंगामापासून कुलूपबंद होती. कापसाच्या गंजीला आग लागली, धूर त्या खोलीत कोंडला आणि आत काट्यावर बसलेला त्यांचा कपिल गुदमरून गेला. तरी घंटी वाजे. अंधारात, कपिलच्या टेबलावर. कुणी उचलणार नाही हे त्यांना कळत होतं. पण खोली अगदीच मुकी नाही, एवढ्या आधारावर त्या घरी जाऊन दोन घास खात. एक प्रश्न मात्र पाठ सोडत नसे. त्या दिवशी त्या बोर्डासमोरच होत्या. मग कपिलनं आईला फोन का केला नाही?

जिनिंगमधले फोन कुठे आहेत, कोणता बिघडलाय, याची नोंद ठेवायला शेठनी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. यवतमाळहून सुरभी नावाची मुलगी दोन सॉफ्टवेअर दाखवायला आली. मॅनेजर सेवादास म्हणाले, "वापरनार तुमी, तं पसंतबी तुमीच करा. मले मोबाइलच धड समजत नाही."

"काकू, या पहिल्यात तुम्ही भराल तेच दिसतं," सुरभी म्हणाली. "दुसरं प्रत्येक लाइन स्वतः तपासतं."

मथुराबाईंनी पहिल्यावर बोट ठेवलं. त्यात वजनकाट्यापुढे 'चालू' लिहिलं की झालं. तो फोन काढून न्यायला कुणी येणार नाही.

"अवो, पाहू तं द्या दुसरं," सेवादास हसले. "इतक्या घाईनं कोनी वांगेबी घेत नाही."

सुरभीनं दुसरं सुरू केलं. पडद्यावर एकेक खोली हिरवी होत गेली. एक लाल राहिली.

"वजनकाटा. ही लाइन तुटलेली आहे, काकू."

"काहीबी काय सांगतं, माय? काल संध्याकाळी घंटी ऐकली म्या."

"ती घंटी इथलंच मशीन वाजवतं. फक्त तुमच्या कानात. तिकडे फोन नसला तरी ऐकू येते."

मथुराबाई खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "चाबी द्या, भाऊ."

आजवर त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. सेवादासनी कुलूप काढलं. आत काजळी, कोंदट वास. फोन टेबलावरच होता. रिसीव्हर मात्र वायरला जमिनीलगत लोंबकळत होता.

"पंचनाम्यानंतर इथं कोनी हात नाही लावला," सेवादास हळूच म्हणाले.

बाहेर, गंजीच्या बाजूच्या भिंतीवरची तार जळून कोळसा झाली होती. आग तिथूनच चढली होती. खोलीत धूर भरला तोवर लाइन गेलेली असणार. कपिलनं रिसीव्हर उचलला होता. कदाचित "आई" म्हणालाही असेल. बोर्डावर मात्र काहीच आलं नाही.

मथुराबाईंनी रिसीव्हर पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला.

परत येऊन त्यांनी सुरभीला विचारलं, "तार तुटली का हे दुसरं लगेच सांगते?"

"लगेच. मोठ्यानं वाजतं."

"मंग हेच घ्या."

"पन तुमाले तं पयलं पसंत होतं ना?" सेवादास म्हणाले.

"लेकरं बसतात नं भाऊ, त्या खोल्याइत."