बरणी मॅडम

ईरा, नील,

"आधी ती बरणी आहे. बाकीचं मग," असं म्हणून चष्मा कपाळावर चढवणारी एक बाई आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात माझ्यासोबत इंग्रजी शिकवायची. परवा ईराने मला फोनवर तिच्या शाळेतला प्रश्न वाचून दाखवला: आधुनिक लघुकथेतली प्रतीकं आणि पात्रांमधला न बोललेला संघर्ष यांवर लिहा. "आजी, हे तर तुझंच काम ना?" असं ती म्हणाली आणि मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला. ते काम माझं नव्हतं, त्या बाईचं होतं. आधी तिच्याबद्दल सांगते. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

तिचं नाव सांगत नाही. मुलं तिला बरणी मॅडम म्हणायची, आणि ते तिला माहीत होतं.

आमच्या अभ्यासक्रमात एक परदेशी गोष्ट होती. नवरा-बायको सकाळी खायला बसले आहेत. जॅमच्या बरणीचं झाकण उघडत नाही. तो प्रयत्न करतो, तिच्याकडे देतो. ती प्रयत्न करते, परत त्याच्याकडे सरकवते. मध्ये हवेबद्दल थोडं बोलणं होतं. शेवटी दोघं कोरडा पाव खातात आणि गोष्ट संपते. त्यांचं मूल काही दिवसांपूर्वी गेलेलं आहे, हे एका ओळीत, तेही आडून येतं.

कॉलेजच्या बाहेर मिळणाऱ्या गाइडमध्ये लिहिलेलं असायचं, की बरणी हे विवाहसंस्थेचं प्रतीक आहे. ते वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की ती लाल पेनने विचारायची, "तुझ्या घरी बरणीत काय ठेवतात?"

एका वर्षी तिने घरून मुरंब्याची बरणी आणली. झाकण तिने मुद्दाम गच्च लावून घेतलं होतं. बरणी पहिल्या बाकापासून फिरायला लागली. कोणालाच उघडेना. मी शेजारच्या वर्गातून हसणं ऐकून दारात येऊन उभी राहिले.

"गप रवा रे!" ती ओरडली. तिचे वडील मालवणकडून गिरणीत कामाला आलेले. राग आला की तिच्या तोंडी घरचं बोलणं यायचं. मग तिने शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "तू बरणी पुढे दिलीस तेव्हा मनात काय आलं?"

"काही नाही मॅडम. हात दुखला."

"अजून?"

मुलाने शेजारच्या मुलीकडे बघितलं. "हिने उघडली तर माझी वाट लागेल, असं वाटलं." शेजारची मुलगी हसली.

"शाब्बास! आता तिथून सुरू कर. त्या नवऱ्याला काय वाटलं असेल?"

त्या दिवशी वर्ग वीस मिनिटं लिहीत होता. तास संपल्यावर तिने शिपायाकडून झाकण उघडून घेतलं आणि सगळ्यांना मुरंबा वाटला. मलाही बोटावर दिला.

माझं शिकवणं वेगळं होतं. मी फळ्यावर तक्ता काढायचे. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिचा अर्थ. ती येऊन बघायची आणि म्हणायची, "अगं, तू काय वाण्याची यादी करतेस?" मी म्हणायचे, "माझी मुलं पास होतात." "होतात बाई," ती म्हणायची आणि माझ्या डब्यातली भाजी उचलायची. आम्ही दोघी मुलुंड पूर्वेला समोरासमोरच्या इमारतींत राहत होतो. एकमेकींच्या घरी न विचारता जाण्याइतकी ओळख होती.

मग अभ्यासक्रम बदलायची बैठक झाली. आमच्या विभागातून मी गेले होते. कोणीतरी विचारलं, "ती बरणीची गोष्ट ठेवायची का अजून? मुलांना ईमेल लिहिता येत नाही आणि आपण जॅम शिकवतोय." सगळे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. आमचा निकाल त्या प्रश्नावर दरवर्षी घसरायचा, हे माझ्या डोक्यात होतं. गोष्ट गेली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तिने विचारलं, "काय गं, काय झालं काल?"

"विशेष काही नाही," मी म्हणाले.

महिन्याभराने छापील यादी आली. तिने ओळींवरून बोट फिरवत ती वाचली. बोट एका जागी थांबलं, पुढे गेलं. यादीची घडी घालून ती म्हणाली, "चहा मागवायचा का, मॅडम?"

मॅडम. वीस वर्षं मी अगं होते. त्या दिवसानंतर कधीच नव्हते. भांडण नाही, अबोला नाही. वाढदिवसाला शुभेच्छा, संक्रांतीला तिळगूळ, दोन्ही बाजूंनी वेळेवर. भाजी मात्र तिने पुन्हा माझ्या डब्यातून उचलली नाही. मी रोज ठरवायचे की आज सांगेन, मी गप्प बसले, माझं चुकलं. मग दुसरं कोणीतरी खोलीत यायचं आणि मला सुटल्यासारखं वाटायचं.

आम्ही निवृत्त झालो. पुढे तिचे यजमान गेले. मी भेटून आले, पंधरा मिनिटं बसले, बाकीची माणसं होतीच.

त्यानंतर काही महिन्यांनी मला माझ्या स्वयंपाकघरातून दिसायला लागलं, की ती रोज संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत दोन खुर्च्या मांडते. एकीवर स्वतः बसते. दुसरी रिकामी. सात वाजले की दोन्ही आत नेते.

तुमचे आजोबा तेव्हा होते. मी त्यांना दाखवलं. "बघा, नवऱ्याची खुर्ची अजून मांडते."

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवून बघितलं. "दोन मांडल्यात म्हणजे कोणीतरी यावं असं वाटत असेल. जाऊन बस की."

"तुम्ही इंजिनिअर. तुम्हाला नाही कळायचं. ती त्यांच्या आठवणीची जागा आहे. तिथे आपण जाऊन बसायचं नसतं."

"बरं," आजोबा म्हणाले. "पण खुर्ची बसायलाच असते."

मी ऐकलं नाही. मला त्या रिकाम्या खुर्चीत किती काय काय दिसत होतं! दोन वर्षं मी ती खिडकीतून वाचत राहिले. कधी तिने मान वर करून माझ्या खिडकीकडे बघितलं, तर मी मागे सरायचे. तिचं दुःख चोरून बघतेय असं वाटायचं.

मग ती घरात पडली. भाच्याने तिला नाशिकला नेलं. दीड महिन्याने ती गेल्याचं सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. भाच्याने घर रिकामं करून चावी सोसायटीकडे दिली.

तिच्याकडे काम करणारी सुनंदा मग आमच्याकडे यायला लागली. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातली खिडकी पुसता पुसता थांबून तिने मला विचारलं, "काकू, त्या खिडकीतल्या मॅडम तुम्हीच ना?"

"कुठल्या?"

"मॅडम रोज सांगायच्या ना, सुनंदा, खुर्ची पुसून ठेव, समोरच्या मॅडम येतील कदाचित."

मी म्हणाले, "ती त्यांच्या साहेबांची खुर्ची होती."

"साहेब? साहेब गॅलरीत कधी बसलेच नाहीत. धुळीने शिंका यायच्या त्यांना. ती तर नवीन आणली होती, साहेब गेल्यावर. उंच पाठीची. मी म्हटलं, मॅडम, एकट्या बसता, दुसरी कशाला? तर म्हणाल्या, तिची कंबर दुखते, तिला खोलगट खुर्ची चालत नाही." मग फडका पिळत सुनंदा सहज म्हणाली, "तुम्ही आलाच नाहीत. लांब पडत होतं का?"

चालत तीन मिनिटं. मधे एक औषधाचं दुकान आणि एक नारळवाला.

ईरा, तुझ्या निबंधात हे घालू नकोस, तुझ्या बाईंना पटणार नाही. पण दोन माणसांमध्ये न बोललेलं काय असतं असं तू विचारलंस, म्हणून लिहिलं. आमच्यात एकच वाक्य होतं. ते मी म्हणायचं होतं. तिने तिच्या बाजूने जेवढं करता येईल तेवढं केलं होतं, आणि मला हाक मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. साधी गोष्ट साधी म्हणून बघायची अक्कल आमच्या दोघींत तिला होती. मी शिकले होते ते सगळं मी तिला टाळायला वापरलं.

समोरची इमारत आता पाडायला घेतली आहे. हिरवं कापड लावलंय, तिची गॅलरी त्याच्यामागे गेली. तिचं घर नाही, सामान नाही, ती गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत माझ्या कपाटात फाइलमध्ये नीट आहे. त्यात लिहिलंय, "सदर कथा सर्वानुमते वगळण्यात आली." खाली पाच सह्या आहेत. चौथी माझी.