बारा गाठींचा दोरा

पुडीमावशीला खरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ती कोपऱ्यावरच्या खानावळीत भांडी घासायची. दिवसभर कोपरापर्यंत हात गढूळ पाण्यात. घरी येताना मात्र पिशवीत कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, चार मिरे असं काहीबाही घेऊन यायची. घरात मीठ होतंच. त्यातून कागदाच्या पुड्या बांधायची आणि ज्याला जी लागेल ती द्यायची.

परीक्षेला कांद्याचं साल. वरच्या मजल्यावरच्या भांडखोर बाईसाठी तिच्या पायपुसण्याखाली मीठ. किल्ली हरवली तर तुटकं बटण खिशात ठेवायचं, तोंडाने पुटपुटायचं आणि सगळं घर झाडून काढायचं. किल्ली सापडायची. घर झाडल्यावर सापडणार नाही तर जाईल कुठे! पण लोक बटणाचे गुण गायचे. मावशी नुसती हसायची. आपल्या पुड्यांवर तिचा स्वतःचाही निम्मा विश्वास होता.

तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी, म्हणजे भाची, मावशीनेच वाढवली. खानावळीपलीकडच्या टायरवाल्याशी तिचं लग्न झालं. दोन वर्षांनी ती एक कान सुजवून आली.

"दार लागलं गं."

"दाराला पाच बोटं कधीपासून फुटली?"

भाची रडली. रागीट आहे, पण मनाने वाईट नाही, असं तिनेच त्याच्या बाजूने सांगितलं. मावशीला तेव्हा खरं बोलायचा धीर झाला नाही. सोडून ये म्हणावं, तर चार लोक काय म्हणतील. तिथेच राहा म्हणावं, तर जीभ रेटेना. मग तिने सवयीचं काम केलं. पिठाच्या गोणीच्या शिवणीतून निघालेला दोरा घेतला, मिठात घोळवला आणि भाचीच्या हातात दिला.

"त्याने हात उचलला की एक गाठ मारायची. बारावी गाठ पडली की त्याचा हात कायमचा थांबेल."

बाराच का? तर दोरा तेवढाच होता. मावशीने मनात हिशेब केला होता की बारा गाठी पडायला दोन-तीन वर्षं जातील, तोवर माणूस निवळेल.

दीड महिन्याने दुपारी भाची आली. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, आणि उरलेल्या चेहऱ्याने ती हसत होती.

"मावशी, अकरा झाल्या!"

मावशीच्या हातातली पुडी खाली पडली. "दीड महिन्यात अकरा?"

"शेवटच्या चार मी मुद्दाम पाडून घेतल्या. एकदा त्याची कपबशी फोडली. एकदा त्याच्या आईचं नाव काढलं. म्हटलं, लवकर उरकून टाकू." तिने पिशवीतून हातभर लांब लोखंडी पान्हा काढला. "आणि हा बघ. याच्याशिवाय त्याचं पान हलत नाही. शोधून शोधून डोकं फिरेल त्याचं. आज बारावी नक्की."

मावशीला उमगलं, आपल्या दोऱ्याने पोरीचा मार चुकवला नव्हता, तिला तो मागायला शिकवला होता.

"अगं वेडे, ती बारावी तुझा जीव घेईल! खोटं आहे ते सगळं. दोरा गोणीचा होता. मी मनाने रचलं."

"असं म्हणायचंच असतं," भाची समजुतीने म्हणाली. "म्हणजे गुण जात नाही."

आता हिच्याशी काय बोलायचं! मावशीने पान्हा हिसकावला आणि चपला न घालताच निघाली. पान्हा जागेवर गेला की आजचा दिवस तरी टळेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. भाची मागून ओरडत धावली, "मावशी, फुकट घालवू नकोस गं!"

टायरवाला दुकानात सगळं उलथंपालथं करून उभा होता. कपाळाची शीर फुगलेली.

"जावईबापू, हा घ्या," मावशी म्हणाली. "नळ गळत होता, म्हणून मीच न विचारता नेला. चुकलं माझं."

त्याने पान्ह्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे उभ्या असलेल्या भाचीच्या मुठीतून दोरा लोंबत होता.

"हे काय? करणी करता माझ्यावर?"

त्याने दोरा खेचून घेतला आणि दुसऱ्या हाताने भाचीचे केस धरले. मावशी मध्ये पडली. त्याने केस सोडून मावशीच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती लोखंडी चाकांच्या ढिगावर आदळली. मनगट अंगाखाली येऊन वाळक्या फांदीसारखं मोडलं. पान्हा घरंगळत गेला. तोंडातून रक्त आलं, त्याबरोबर एक दातही. तिथेच त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी.

भाची बघत राहिली. मार तिच्या स्वतःच्या अंगावर पडायचा तेव्हा ती मनात गाठ मोजायची. हा मार मोजता येईना. त्याने तिसऱ्यांदा पाय उचलला आणि तोल सावरायला उजवा हात बाकावर टेकवला. भाचीने पान्हा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या हातावर घातला. एकदा नाही, तीनदा. हाडांचा आवाज समोरच्या न्हाव्याच्या दुकानात ऐकू गेला.

टायरवाला गुडघ्यांवर बसून गुरासारखा ओरडत होता. त्याच्या मुठीतून सुटलेला दोरा भाचीने रक्तातून उचलला आणि बारावी गाठ मारली.

"मावशी," ती कुजबुजली, "थांबला बघ हात."

"थांबला गं बाई," मावशी जमिनीवरूनच म्हणाली. "आता चल. दोऱ्याचं शेवटचं राहिलंय. मागे वळून बघायचं नाही, आणि त्या घरात पाय ठेवायचा नाही. नाहीतर गाठी सुटतात."

हेही तिने तिथल्या तिथे रचलं होतं. पण भाचीने ते ऐकलं.

पोलीस आला तेव्हा न्हावी पुढे झाला. "गाडी जॅकवरून घसरली. त्याचा हात खाली आला, म्हातारी घाबरून पडली. मी बघितलं." पोलिसाने त्याच्या हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं. बायकोने हात मोडला म्हणण्यापेक्षा टायरवाल्यालाही जॅकच बरा वाटला.

मावशीचं मनगट वाकडंच जुळलं. चिमटीत मीठ राहत नाही, म्हणून पुड्या आता भाची बांधते आणि बारा गाठींची कथा येईल त्याला सांगते. त्यात पान्ह्याचा उल्लेख नसतो, सगळा गुण दोऱ्याचा. ते ऐकून बायका येतात. कुणाचा पदर गळ्याभोवती ओढलेला, कुणाचा गॉगल घरातही उतरत नाही.

मावशी त्यांना बोटभर दोरा देते.

"एवढाच? यात बारा गाठी कशा मावतील?"

"एकच मारायची. आता हात उचलला की पहिल्याच वेळी. आणि दोरा घेऊन तडक इथे यायचं. पुढचा मंत्र इथेच होतो, तिकडे लागू पडत नाही."

मागच्या आठवड्यात भरदुपारी एक आली, अनवाणी, मुठीत एका गाठीचा दोरा आवळलेला. भाचीने खुर्चीवरची टरफलं झाडली आणि तिला बसवलं. मावशीने आतून कडी लावली.