डावा हात वर कर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. डी.एड.च्या मैत्रिणींना तर नाहीच. त्यांना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, मग मीही हसले असते आणि विषय संपला असता. तो तसा संपू नये म्हणून मी गप्प राहिले, असं म्हणायला मला आवडेल. पण तेही खरं नाही. मला चांगली बाई म्हणवून घ्यायची सवय लागली आहे, म्हणून गप्प राहिले.

सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. ओटा पुसून झाला, कुंड्यांना पाणी घालून झालं, आता घरात करण्यासारखं काही उरलेलं नाही. तेव्हा लिहितेच.

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी मला सरावासाठी मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेत पाठवलं होतं, तिसरीच्या वर्गावर. रोज कोथरूडहून स्कूटीवर जायचे. नव्या टीचर म्हणून पोरं गेटपासूनच मागे लागायची, आणि मला ते फार आवडायचं — का नाही आवडणार? अधूनमधून कॉलेजच्या प्राध्यापिका येऊन मागच्या बाकावर बसत आणि आमचा पाठ बघत. त्यातल्या एका पाठावर वर्षाची श्रेणी ठरायची. तो पाठ जवळ आला की आम्ही सगळ्या एकच गोष्ट करायचो. वर्गाकडून तो आधी घोटून घ्यायचो. आणि वर एक युक्ती, आदल्या वर्षीच्या मुलींनी आम्हाला शिकवलेली. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यांनी उजवा, येत नसेल त्यांनी डावा. बाईंनी फक्त उजव्यांना उठवायचं. मागून बघणाऱ्याला काय, हातच हात दिसतात.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढं असतं तर मी ओटा पुसत बसले नसते.

वर्गात आचल नावाची मुलगी होती. त्याच वर्षी विदर्भातून आलेली. वडील यार्डात हमाली करायचे, आई दोन-तीन घरची कामं. माझा पाठ भाज्यांवर होता — आपण झाडाचं मूळ खातो, पान खातो, की फळ. आचलला सगळं यायचं. खरंच सगळं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती उठायची, बाकावर गुडघा टेकून, हात ताणून, "बाई, मले येते, मले!" उत्तर बरोबर असायचं. फक्त ते तिच्या बोलीत असायचं. मूळ म्हणायच्या जागी ती 'मूय' म्हणाली की वर्ग हसायचा.

पहिल्यांदा मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवायला कमी राहील.

आमच्या घरी 'ळ' नीट म्हणता न येणाऱ्या माणसाला मराठी येत नाही असंच धरून चालतात. मोठ्यानं कोणी बोलत नाही. नुसतं एकमेकांकडे बघतात. आमच्या प्राध्यापिकाही त्यातल्याच. त्या मागच्या बाकावर बसल्यात, मी प्रश्न विचारतेय आणि आचल उठून 'मूय' म्हणतेय, हे चित्र मला भाजी चिरतानाही दिसायचं. त्या मुलीला चूप कसं करायचं? या प्रश्नानं मला झोप नव्हती. वीस वर्षांची होते मी. असो, वयाचं काय घेऊन बसायचं.

आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, उद्या तू डावा हात वर कर.

"पन मले येते ना, बाई."

आणि मी म्हणाले, "नाही येत. तुझी उत्तरं चुकतात."

हे ते वाक्य. इतक्या वळणांनी मी इथवर आले. काय चुकतं, असं तिनं विचारलं. रागानं नाही, शिकायचं म्हणून विचारलं. मी म्हणाले, चुकतं म्हणजे चुकतं. 'तुझं बरोबर आहे, पण मला तुझ्या बोलण्याची लाज वाटते,' हे आठ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? खोटं सांगणं सोपं होतं. तिनं मान डोलावली.

पाठ उत्तम झाला. आचलनं प्रत्येक प्रश्नाला डावा हात वर केला, अगदी सरळ. प्राध्यापिका म्हणाल्या, वर्गाला छान बोलतं केलंस. मला वरची श्रेणी मिळाली. त्या संध्याकाळी आम्ही मैत्रिणी बुधवार पेठेत पुस्तकं घ्यायला गेलो आणि मी सगळ्यांना भेळ खिलवली. मी खूश होते, अगदी मनापासून.

माझा सराव पुढे महिनाभर चालू राहिला. मागच्या बाकावर आता कोणी नव्हतं, युक्तीही संपली होती. तरी आचल डावाच हात वर करायची. मग तोही करेनाशी झाली. मी तिला हाक मारून विचारलं असतं तर? एकदाच तिच्या बाकाशी जाऊन सांगितलं असतं तर? माझ्या मनात हे रोज यायचं, आणि रोज मी दुसऱ्या कोणालातरी उठवायचे.

एक दिवस शाळा सुटताना तिची आई गेटपाशी थांबली होती. बोलकी बाई. म्हणाली, "मॅडम, आचल घरी म्हनते, मले काहीच येत नाही. गावाकडच्या शाळेत तर पुढं होती. काऊन झालं असन असं?"

काऊन. मला माहीत होतं काऊन. हे माहीत असणारी जगात मी एकटीच होते. आणि मी काय केलं? चेहरा शिक्षिकेसारखा केला आणि म्हणाले, "घरच्या बोलण्याचा परिणाम होतो हो मुलांवर. घरी जरा शुद्ध बोलत जा तिच्याशी."

ती ओशाळली. पदर सारखा करत म्हणाली, बरं, मॅडम. माझी स्कूटी त्या दिवशी लवकर सुरूच होईना, आणि ती आचलला घेऊन बसची वाट बघत समोरच उभी. मी तिकडे पाहिलं नाही.

सरावाचा शेवटचा दिवस होता तेव्हा ती पुन्हा आली, मुद्दाम मला भेटायला. आचल शेजारी, आईचं बोट धरून. डॉक्टरांनी दिलेलं पथ्य नीट पाळलेलं माणूस जसं सांगतं, तशा समाधानानं ती म्हणाली, "तुम्ही म्हनलं तसंच केलं, मॅडम. आता मी घरी तिच्यासंग बोलतच नाही जास्त. माह्या तोंडचं तिले लागाले नको."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मुलगी समोर होती, आई समोर होती, मला कोणाकडून श्रेणी मिळवायची नव्हती.

"बरं केलंत," मी म्हणाले.