मॅडम खरंच येऊन बसल्या

आमच्या भूगोल विभागात एकमेकांचे तास पाहण्याची पद्धत जुनी आहे, आणि ती कँटीनमध्ये पार पडते. वर्षातून एकदा विभागप्रमुख 'सहकारी निरीक्षणा'चे फॉर्म वाटतात. ज्याच्याशी जोडी लागेल त्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं, शिकवणं पाहायचं आणि मत लिहायचं, अशी अपेक्षा असते. आम्ही चहा मागवतो. तू माझा भर, मी तुझा भरतो. 'विषयावर पकड : उत्तम. फळ्याचा वापर : उत्तम.' एकदा एका सरांनी माझ्या फॉर्मवर 'आवाज खणखणीत' असं लिहिलं होतं. त्या आठवड्यात माझा घसा बसला होता आणि मी एकही तास घेतला नव्हता.

गेल्या वर्षी माझी जोडी आमच्यातल्या सर्वांत तरुण मॅडमशी लागली. त्या अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, विभागात मराठी, आणि दोन्हींत सडेतोड. मी नेहमीसारखा चहा मागवून पेन काढलं, तर म्हणाल्या, "फॉर्म राहू द्या सर. मी खरंच येऊन बसते की."

"खरंच म्हणजे?"

"तासाला. मंगळवारी साडेदहाला असतो ना तुमचा?"

माझा तास किती वाजता असतो हे माझ्या बायकोलाही सांगता येणार नाही. यांना बरं माहीत! माझ्या मनात पाल चुकचुकली.

संशयाला कारणही होतं. पुढच्या वर्षासाठी पेपरांची फेरवाटणी व्हायची होती. हवामानशास्त्राचा पेपर कुणाकडे जाणार, यावर प्रमुखांनी "फॉर्म आल्यावर बघू" असं म्हणून ठेवलं होतं. तो पेपर मी एकोणीस वर्षं शिकवत होतो. खरं सांगायचं तर नोट्स धड असलेला माझ्याकडे तेवढा एकच पेपर होता. तो गेला तर बावन्नाव्या वर्षी नव्यानं वाचायला बसायचं, या कल्पनेनंच माझी मान आखडायची.

घरी सांगितलं. बायको शेंगा फोडत होती. म्हणाली, "अहो, येऊ दे की. शिकवता ना तुम्ही?"

"शिकवतो गं. पण ती एवढ्या हौसेनं का येतेय?"

"मग इस्त्रीचा शर्ट घाला."

मुलगी म्हणाली, "बाबा, अभ्यास झाला असेल तर घाबरायचं कशाला, असं तुम्हीच म्हणता ना?" आमच्या घरात माझ्या बाजूनं बोलणारा मी एकटाच आहे.

मंगळवारी मॅडम मागच्या बाकावर बसल्या, मांडीवर वही घेऊन. मी पर्जन्यछायेचा प्रदेश घेतला. म्हणजे आपलाच, जिथं सह्याद्रीआड पाऊस अडतो. "हे ढग म्हणजे लग्नातले मामा," मी नेहमीचं सांगितलं, "कोकणात सगळा आहेर वाटून टाकतात आणि सोलापुरात रिकामी पिशवी हलवत येतात." वर्ग हसला, चांगला मोठ्यानं हसला. मॅडम हसल्या नाहीत, खाली मान घालून लिहीत होत्या. तास संपेपर्यंत चार पानं झाली. मी मोजली.

"कसं वाटलं मॅडम?"

"उद्या निवांत बोलू सर."

चार पानं! फॉर्मवर जागा पाच ओळींची. दुपारी स्टाफरूममध्ये गेलो तर कुणी नव्हतं आणि त्यांची वही टेबलावर होती. मी ती उचलली नाही, फक्त जरा बाजूला सरकवली. सरकवताना ती उघडली, आणि उघडल्यावर नेमकं तेच पान निघालं.

'१०.४२ : हसले. विनोद संपण्याआधी.'

'१०.५१ : सगळ्यांनी एकदम पान उलटलं.'

'१०.५८ : सर खिडकीकडे बघतात. त्याच्या आधीच दोघंजण खिडकीकडे.'

ही काय भानगड, म्हणून मी तिसऱ्यांदा वाचत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "मागायची की सर. दिली असती."

मी वही खाली ठेवली. मॅडमनी पर्समधून पिना मारलेला झेरॉक्सचा गठ्ठा काढून माझ्यासमोर टाकला. माझ्या अख्ख्या पेपराच्या नोट्स त्यात होत्या, कुठल्याशा जुन्या विद्यार्थिनीच्या सुबक अक्षरात. पर्जन्यछायेपाशी समासात लिहिलं होतं, 'इथे मामाचा विनोद.' पुढच्या पानावर, 'सर आता खिडकीकडे बघतील. दोन मिनिटं मिळतात.'

"सगळ्यांकडं आहे सर हे. म्हणून तर कुणी काही विचारत नाही. उत्तर पुढच्या पानावर असतंय."

"आणि हे तुम्ही फॉर्मवर लिहिणार."

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "सर, सरळ सांगते. मला तो पेपर हवाय. त्यासाठीच आले होते."

माझा संशय खरा ठरण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. घटकाभर बरंसुद्धा वाटलं.

"पण असा नको," त्या म्हणाल्या. "गुरुवारी परत येते. पोरांकडच्या झेरॉक्स गोळा करा, आणि तुमची नोट्सची वहीही माझ्याकडं द्या. मग भरते फॉर्म."

हा नवीन सापळा तर नाही? असेलही. पण पकडलेल्या चोराला अटी घालता येत नाहीत.

गुरुवारी वहीशिवाय मी बारा मिनिटं बोललो आणि संपलो. मग मंगळवेढ्याकडच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, पाऊस न्हाय म्हणताय, मग आमच्याकडं ज्वारी कशी येती? तीबी थंडीत?"

एकोणीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी काळ्या जमिनीतल्या ओलीचं सांगू लागलो. ती म्हणाली, "पण ओल किती खोल हाय ते कळतंय कसं? आमचे वडील हातभर खणून मूठ दाबून बघत्यात." मग मीच तिला विचारत सुटलो. किती खणतात? कधी? दुसरी दोघं भांडायला उठली, आमच्याकडं तसं न्हाय म्हणून. हवामान राहिलं बाजूला, सगळा तास मातीत गेला. पुढच्या तासाचे सर दारात येऊन खाकरले तेव्हा थांबलो.

मॅडमनी फॉर्म माझ्यासमोरच भरला : 'विषयावर पकड चांगली. वहीशिवाय जास्त चांगली.' झेरॉक्सबद्दल एक अक्षर नाही.

आठवड्यानं प्रमुखांनी बोलावलं. "फॉर्म चांगलाय तुमचा. हवामानशास्त्र तुमच्याकडंच ठेवू."

"ते मॅडमना द्या," मी म्हणालो. "त्या शिकवतात तो मातीचा पेपर मला द्या."

प्रमुखांनी चष्मा काढला. "तब्येत बरीय ना? का तुमचं दोघांचं आधीच काही ठरलंय?" बोलता बोलता त्यांनी यादीतली दोन्ही नावं बदलली.

घरी मी मोठ्या रुबाबात सांगितलं. बायको म्हणाली, "मातीचा पेपर तिला नकोच असेल तर? घातला की तुमच्या गळ्यात."

हे मला सुचलंच नव्हतं. नव्या वर्षातल्या पहिल्या तासाच्या आदल्या संध्याकाळी न राहवून मॅडमना फोन केला. "मातीच्या पहिल्या तासाला तुम्ही काय सांगायचात?"

"ते मला कधीच जमलं नाही सर. म्हणून तर..." आणि त्या थांबल्या. म्हणून तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला बायकोचं बोलणं आठवलं, आणि मी फोन ठेवला.

सकाळी वर्गात गेलो आणि मुलांनाच विचारलं, तुमच्या रानातल्या मातीला घरी काय म्हणता? अकरा जण होते. कानडी, मराठी धरून सतरा नावं निघाली. त्यातली चार मला माहीत होती.